लेसरची काच जळते कशी आणि ती वाचवायची कशी: कटिंग मशीनवर नवीन आलेल्यांसाठी

आमच्या शॉपमध्ये दर सहा-आठ महिन्यांनी नवीन पोरं येतात, कुणी आयटीआय केलेलं, कुणी डिप्लोमावाले, आणि पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो, की सर लेसर जर काचेतून आरपार जातो तर मग काच जळते कशाने. प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्याचं उत्तर नीट कळलं की निम्म्या काचा वाचतात असं माझं मत आहे, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय. मी फायबर लेसर कटिंगच्या हेडमधली (हेड म्हणजे पत्र्यावर फिरून लेसर खाली सोडणारा भाग) जी खालची, लेन्सला घाणीपासून वाचवणारी प्रोटेक्शन काच असते तिच्यावरून समजावणार आहे कारण रोज हातात तीच येते, पण सीओटू (कार्बन डायऑक्साइड लेसरचं) मशीन, मार्किंग मशीन, कॉलेजच्या लॅबमधला लेसर, सगळीकडे मूळ गोष्ट हीच आहे.

सगळ्यात आधी सेफ्टी, कारण फायबर लेसरचा उजेड डोळ्याला दिसतच नाही. त्याची वेव्हलेंग्थ साधारण १.०७ मायक्रॉन, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या लाल रंगाच्याही पलीकडची, आणि दिसत नसला तरी तो थेट डोळ्याच्या पडद्यावर जाऊन फोकस होतो. काचेला हात लावायच्या आधी लेसर बंद, चावी काढून खिशात, मगच हेड उघडायचं. गॉगल वापरताना त्याच्यावर कुठली वेव्हलेंग्थ लिहिलीय ते वाचा, सीओटू मशीनचा गॉगल फायबरला चालत नाही, दिसायला दोन्ही सारखे वाटले तरी.

आता काचेचा हिशोब करू

ही काच म्हणजे खिडकीची काच नाही, फ्युज्ड सिलिका असते, जवळजवळ शुद्ध सिलिका. १ मायक्रॉनच्या आसपासचा उजेड तिच्या पोटात जवळपास शोषलाच जात नाही. पण नुसती काच लावली तर प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ३.४ टक्के उजेड परत उलटा जातो, दोन बाजू धरल्या तर ३ किलोवॅटच्या मशीनमध्ये २०० वॅट हेडच्या आत भलतीकडे फिरत बसतील. ते होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना कोटिंग असतं. हे कोटिंग म्हणजे सिलिका आणि हाफ्निया किंवा टँटालासारख्या ऑक्साइडचे पातळ थर, एकेक थर दीडशे-पावणेदोनशे नॅनोमीटरचा. केसाची जाडी सत्तर हजार नॅनोमीटरच्या आसपास धरा म्हणजे अंदाज येईल की आपण बोटाने किती नाजूक गोष्टीला हात लावतोय.

स्वच्छ, चांगल्या कोटिंगची काच समजा दहा लाखात शंभर भाग उजेड खाते. म्हणजे ३००० वॅटमधले ०.३ वॅट. मोबाइलचा चार्जर यापेक्षा जास्त गरम होतो, काचेला काहीच होत नाही.

आता त्याच काचेवर उजेडाचा गोल १० मिलिमीटरचा आहे असं धरा. म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सरासरी ३८ वॅट पडतायत. त्यात बोटाचा एक चौरस मिलिमीटरचा तेलकट डाग आहे आणि तो पडलेल्या उजेडातला फक्त १ टक्का शोषतो. झाले ०.३८ वॅट! अख्खी स्वच्छ काच जेवढं खाते त्याच्यापेक्षा जास्त तो एवढासा डाग एकटा खातोय, आणि तेही एकाच जागी.

आणि काजळीचा कण असेल तर विषय संपलाच. ०.२ मिलिमीटरचा काळा कण, म्हणजे रव्याच्या कणापेक्षाही लहान, त्याच्यावर १.२ वॅट पडतात आणि तो जवळपास सगळे शोषतो. ही उष्णता जाणार कुठे? फ्युज्ड सिलिका उष्णतेला फार वाईट वाहक आहे, तिची कंडक्टिव्हिटी १.४ च्या आसपास, तांब्याची त्याच एककात ४०० च्या जवळ. म्हणजे उष्णता त्या कणाखालीच अडकून बसते, आणि कागदावर हिशोब मांडला तर कणाखालचं तापमान दोन हजार अंशांच्या घरात जातं, हेही दहा-बारा मिलिसेकंदात, पापणी लवायच्या आत. सिलिका १६०० ते १७०० अंशांना मऊ पडायला लागते. खड्डा पडतो तो असा.

म्हणून मी पोरांना पहिल्या दिवशी एकच वाक्य पाठ करायला लावतो: काच जळत नाही, काचेवर बसलेलं काहीतरी जळतं आणि जाताना काच घेऊन जातं.

मग ते थांबत का नाही

कण जळून गेला, आता तरी सुटका व्हावी ना? होत नाही. कण जाताना कोटिंगला तडा देतो, कारण तापल्यावर वरचे थर वेगळ्या प्रमाणात फुगतात आणि खालची सिलिका जवळजवळ फुगतच नाही, तिचं प्रसरण दर अंशाला दहा लाखात अर्धा भाग एवढंच असतं. त्या ताणाने थर उचलला जातो, तड्यात काजळी बसते, तडा गेलेली जागा आणखी उजेड खाते, आणखी तापते, आणि गरम झालेला माल सहसा थंड मालापेक्षा जास्तच शोषतो. एकदा चक्र सुरू झालं की ठिपका मोठा होतच जातो. जर्मेनियमच्या लेन्समध्ये, जी इन्फ्रारेडला वापरतात, ही गोष्ट सगळ्यात ठळक दिसते, ती तापली की तिचं शोषण वाढतं, शोषण वाढलं की ती अजून तापते, आणि थंड करायची सोय नसेल तर एका टप्प्यानंतर ती उजेड आरपार जाऊच देत नाही.

म्हणून 'एवढासाच ठिपका आहे, ही शिफ्ट निघेल' असं कधी करू नका. ठिपका दिसला की काच काढायची. काच कितीला येते आणि तिच्या वरची फोकस लेन्स कितीला येते ते एकदा स्टोअरमध्ये जाऊन विचारा, मग माझं म्हणणं पटेल.

काच फुटायच्या आधी जॉब बोलतो

हा भाग नवीन माणसाला कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून वाचा. काच मधोमध तापली की तिथला रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, म्हणजे काच उजेड किती वाकवते तो आकडा, वाढतो, फ्युज्ड सिलिकात अंशाला साधारण एक लाखात एक भाग. आकडा किरकोळ वाटतो पण मधे गरम, कडेला थंड अशी सपाट काच चक्क बहिर्गोल भिंगासारखी वागायला लागते. ह्याला थर्मल लेन्सिंग म्हणतात. परिणाम काय, तर फोकस वर सरकतो, हेडच्या दिशेला, आणि काच मळलेली असेल तर तो मिलिमीटरच्या हिशोबात सरकतो.

मशीनवर हे कसं दिसतं ते सांगतो. सकाळी मशीन चालू केलं, पहिला जॉब एकदम झकास, ६ एमएमच्या एमएसची (माइल्ड स्टीलची) धार गुळगुळीत. पाच-सात मिनिटं सलग कटिंग झालं की खालच्या कडेला बर (वितळून चिकटलेला धातू) यायला लागते, पिअर्सिंगला (कटिंगआधी पहिलं भोक पाडायला) वेळ लागतो, ठिणग्या सरळ खाली जायच्या ऐवजी तिरक्या उडतात. मशीन थांबवून चहा पिऊन आलात की परत पाच मिनिटं चांगलं चालतं. ही थर्मल लेन्सचीच खूण आहे, कारण उष्णतेला सिलिकात काही मिलिमीटर पसरायला अर्धा मिनिट लागतो आणि कडेपर्यंत पोचायला काही मिनिटं. नवीन माणूस इथे हमखास पॉवर वाढवतो नाहीतर स्पीड कमी करतो, आणि दोन्हीने काच आणखी तापते. पॉवरला हात लावू नका, आधी काच बघा. काही हेडमध्ये काचेच्या तापमानाचा सेन्सर असतो, त्याचा अलार्म येतो म्हणून तो बायपास करून चालवणारे लोक मी पाहिलेत, कृपया हे करू नका.

काच बघायची कशी

ट्यूबलाइटखाली धरून काहीच दिसत नाही. काच कडेने धरा, मागे काळं कापड नाहीतर काळा कागद, आणि लहान टॉर्च बाजूने, अगदी पृष्ठभागाला घासून जाईल असा मारा. काळ्यावर प्रत्येक कण चांदणीसारखा चमकतो. हळूहळू फिरवा, दोन्ही बाजू बघा. बारका पांढरा खड्डा आणि भोवती इंद्रधनुष्यासारखं रंगीत कडं दिसलं की समजायचं कण जळलाय आणि कोटिंगचे थर उचललेत, ती काच गेली, पुसून काही होणार नाही. पिवळसर-तपकिरी धुकट थर असेल तर बहुतेक गॅसच्या लाइनमधून तेल येतंय, त्याच्याबद्दल पुढे लिहितो. आणि डाग वरच्या बाजूला, म्हणजे लेन्सकडच्या बाजूला असेल तर सावध व्हा, घाण खालून आलेली नाही, हेडच्या आत आहे, आणि नवीन काच टाकली तरी तीही जाणार.

ही वरची बाजू मला चांगलीच महागात पडली होती. सुरुवातीच्या काळात जिथे काम करत होतो तिथे मी काच बदलली सीलिंग फॅन चालू ठेवून, काच बसवलेला ड्रॉवर काढल्यावर जी फट राहते तिच्यावर टेपसुद्धा लावली नाही, कारण दोन मिनिटांचं तर काम होतं. त्या दोन मिनिटांत कण आत जाऊन फोकस लेन्सच्या खालच्या अंगाला बसला. दुसऱ्या दिवशी कटिंग बिघडलं, मी एकामागून एक तीन काचा बदलल्या, प्रत्येक वेळी पॉवर थोडी वाढवली, आणि शेवटी हेड उघडलं तेव्हा लेन्सवर मोहरीएवढा पांढरा डाग होता. लेन्स येईपर्यंत मशीन चार दिवस बंद. मालक काही बोलला नाही, पण तो पांढरा डाग मला आजही डोळ्यासमोर दिसतो.

काच बदलायची पद्धत, जशी मी करतो तशी

आधी फॅन, कूलर सगळं बंद करा, शेजारी ग्राइंडिंग चालू असेल तर थांबवायला सांगा. हेड बाहेरून पुसून घ्या, कारण ड्रॉवर ओढताना त्याच्या खाचेतली धूळच आत पडते, हे बहुतेक लोक विसरतात. हात धुऊन, कोरडे करून, बिनपावडरचे ग्लोव्ह घाला. पावडरचे ग्लोव्ह म्हणजे काचेवर स्वतःहून कण पेरण्यासारखं आहे. नवीन काच पाकिटातच ठेवा, आधी उघडून टेबलवर मांडून ठेवू नका.

ड्रॉवर काढला की त्याच क्षणी फटीवर स्वच्छ टेप, श्वास घ्यायच्या आधी टेप असं समजा. जुनी काच काढताना सील रिंग बघा, ती वाकडी बसली किंवा चिरली असेल तर धूर तिथूनच वर चढतो. नवीन काच फक्त कडेने धरायची, टॉर्चने दोन्ही बाजू तपासायच्या, नवीन काचेवरही कण असतात, आणि असतील तर रबरी ब्लोअरने उडवायचे. तोंडाने फुंकर मारायची नाही, त्यात थुंकीचे शिंतोडे असतात. कॉम्प्रेसरची गन तर अजिबात नाही, त्यात तेल आणि पाणी दोन्ही असतं. साइझ नीट बघून घ्या, ३०×५, २७.९×४.१, ३७×७ अशा बऱ्याच येतात आणि जवळपासची साइझ दाबून बसवली की एकतर सील होत नाही नाहीतर काचेवर ताण येतो, आणि ताणातली काच तापली की फुटते.

पुसायचं कधी? मी म्हणतो शक्यतो पुसूच नका, ब्लोअरने कण गेला तर विषय संपवा. पुसावंच लागलं तर ९९ टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, लेन्स टिशू किंवा धागे न सुटणारा स्वॅब. टिशूवर दोन थेंब, काचेवर टेकवून एका दिशेने सावकाश ओढायचा, एकदाच, दाब न देता, टिशू फेकायचा, परत लागला तर नवा घ्यायचा. गोल गोल घासलं तर तोच कण कोटिंगवर फिरतो आणि चरे पाडतो, आणि चरा म्हणजे पुढच्या जळण्याची तयारी. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं स्पिरिट वापरू नका, उरलेल्या पाण्याचे डाग सुकल्यावर तसेच राहतात. शर्टाचं टोक, कॉटन वेस्ट, चष्म्याचं फडकं यांच्याबद्दल मला लिहायचीसुद्धा इच्छा होत नाही, पण लोक वापरतात म्हणून लिहितो, नका वापरू.

हवा आणि पावसाळा

असिस्ट गॅस (वितळलेला धातू उडवून टाकायला नोझलमधून सोडतात तो) म्हणून कॉम्प्रेसरची हवा वापरणारे शॉप आता खूप झालेत, नायट्रोजन महाग पडतो म्हणून, आणि त्यात चूक काही नाही. पण ती हवा काचेच्या खालूनच जाते. ड्रायर आणि तेलाचा फिल्टर वेळेवर बदलला नाही तर तेलाची वाफ काचेवर बसते, आणि एका जागी खड्डा पडायच्या ऐवजी सगळी काच हळूहळू पिवळट होत जाते. सोपी तपासणी सांगतो, लेसर बंद ठेवून नोझलखाली स्वच्छ पांढरा कागद धरा, दोन-तीन मिनिटं हवा सोडा, कागदावर तेलकट किंवा ओला डाग आला तर काच बदलण्यात अर्थ नाही, आधी हवा दुरुस्त करा.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार होतो जो आपल्याकडे, भोसरी-चाकणपासून वसईपर्यंत, दर जून-जुलैमध्ये काचा खातो. हेडला चिलरचं (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं) पाणी जातं. शॉपमध्ये ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली हवेतलं पाणी थेंब धरतं ते तापमान, २६ अंशांच्या वर असतो. तुमच्या चिलरची हेडची लाइन उन्हाळ्यासारखी २५ वर सेट असेल तर हेडच्या आत लेन्सवर दव धरणार, जसं थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून धरतं तसंच. त्या थेंबांवर लेसर मारला की कोटिंग गेलं. म्हणून पावसाळ्यात कंपनीच्या मॅन्युअलमध्ये जेवढी मुभा आहे त्या मर्यादेत ऑप्टिक्सच्या लाइनचं तापमान दवबिंदूच्या वर ठेवा, आणि सकाळी आधी चिलर चालू करून हेड गार करायचं आणि मग दार उघडून पावसाची हवा आत घ्यायची असं करू नका.

तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियम कापताना उजेड परत उलटा हेडमध्ये येतो हेही लक्षात ठेवा. पिअर्सिंगच्या वेळी धातू अजून चकचकीत असतो तेव्हा सगळ्यात जास्त. हा परत आलेला उजेड काचेपेक्षा फायबरच्या, म्हणजे लेसर हेडपर्यंत आणणाऱ्या काचेच्या धाग्याच्या, टोकाला जास्त धोक्याचा.

सीओटू मशीनवर असाल तर

तिथे लेन्स झिंक सेलेनाइडची असते, पिवळसर, कारण १०.६ मायक्रॉनचा उजेड सिलिकातून जातच नाही. झिंक सेलेनाइड उष्णता सिलिकापेक्षा कितीतरी चांगली वाहून नेतं, कंडक्टिव्हिटी १८ च्या आसपास, पण तापल्यावर त्याचा इंडेक्स सिलिकाच्या पाच-सहा पट जास्त बदलतो आणि माल मऊ असतो, पटकन चरे पडतात. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही लेन्स जळली तर धूर विषारी असतो. पांढरी-लालसर पावडर दिसली, घाण वास आला, तर मशीन बंद करून बाहेर या, हवा खेळू द्या, नंतर ग्लोव्ह आणि मास्क घालूनच तुकडे पिशवीत भरा. झाडूने झाडायचं नाही.

पल्स लेसरचा हिशोब वेगळा

मार्किंगचे, क्लीनिंगचे आणि लॅबमधले क्यू-स्विच लेसर सलग उजेड देत नाहीत, नॅनोसेकंदाचे झटके देतात. तिथे सरासरी वॅट बघून फसू नका. कॅटलॉगमध्ये डॅमेज थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वर काच खराब होते ती मर्यादा, ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये दिलेला असतो आणि शेजारी पल्सचा वेळ लिहिलेला असतो, तो वेळ वाचल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. समजा लिहिलंय १० ज्यूल, १० नॅनोसेकंदाला. तुमचा लेसर १ नॅनोसेकंदाचा असेल तर ढोबळ नियम असा की थ्रेशोल्ड वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे ३.२ वर आला. आता तुमची पल्स १०० मिलिज्यूलची आणि बीमची त्रिज्या १.५ मिलिमीटर. सरासरी काढली तर १.४ ज्यूल येतात आणि वाटतं भरपूर जागा आहे. पण गॉसियन बीमच्या (मधे जास्त, कडेला कमी उजेड असलेल्या) मधोमध सरासरीच्या दुप्पट असतं, म्हणजे २.८. राहिली किती जागा? बीममध्ये थोडा हॉट स्पॉट आला की काच गेली. हा वर्गमुळाचा नियम नॅनोसेकंदांच्या आसपासच चालतो, काही पिकोसेकंदांच्या खाली उष्णतेचा संबंधच कमी होतो आणि उजेडाचं विद्युत क्षेत्रच मालातले इलेक्ट्रॉन खेचून काढतं, तिथे हा नियम लावू नका.

ह्या डॅमेजच्या अडचणीतूनच लेसरमधली एक फार मोठी युक्ती निघाली. १९८५ मध्ये डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी पल्स आधी वेळेत लांब ताणायची, मग वाढवायची आणि शेवटी परत दाबून छोटी करायची अशी पद्धत काढली, म्हणजे ॲम्प्लिफायरमधला माल फुटत नाही. त्यासाठी त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

आणि एक गोष्ट आपल्या जवळची. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतंय, गुरुत्वीय लहरी मोजायचं यंत्र, ४ किलोमीटरच्या दोन भुजांचं. अमेरिकेतल्या लायगोमध्ये जे आरसे आहेत ते ४० किलो वजनाचे, फ्युज्ड सिलिकाचेच, आपल्या काचेच्याच जातीचे. त्यांच्यावर शेकडो किलोवॅट उजेड पडतो आणि कोटिंग शोषतं दहा लाखात एक भागापेक्षाही कमी, तरी तेवढ्या उष्णतेने आरशाचा आकार बदलतो म्हणून बाहेरून हीटर लावून तो दुरुस्त करावा लागतो. आणि तिथेही त्रास कशाचा, तर कोटिंगमधल्या बारक्या उजेड खाणाऱ्या ठिपक्यांचा, त्या ठिपक्यांमुळे लायगोवाल्यांना पॉवर वाढवता आली नव्हती. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या शॉपमधल्या त्या टॉर्चची आणि काळ्या कापडाची मला एकदम किंमत कळली.

शेवटचं काम, जे फुकट आहे. प्रत्येक जळलेली काच कागदात गुंडाळून तारीख, मटेरियल, जाडी, गॅस आणि डाग कुठल्या बाजूला होता ते वर लिहून एका डब्यात ठेवा. सहा महिन्यांनी त्या सगळ्या काळ्या कापडावर ओळीने मांडा. आमच्याकडे मांडल्या तेव्हा पिवळट काचांचा एक सलग गट निघाला, तारखा बघितल्या तर सगळ्या एकाच महिन्यातल्या, आणि त्या महिन्यात ड्रायरचा फिल्टर बदलायचा राहून गेला होता.